एका शब्दावर भागवणारा काशिनाथ

आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला की हॉर्न दोनदा वाजायचा, एक लांब आणि एक आखूड. गेल्या महिन्यात एका सकाळी तो नुसताच लांब वाजला. गॅलरीतून वाकून पाहिलं तर पाइप ओढणारा माणूस अनोळखी. मी वरूनच विचारलं, "काशिनाथ कुठे आहे?" त्याने मान वर न करता सांगितलं, "काशीदादा गेला ना सर. मंगळवारी. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढचं बोलणं त्याने पाइप जोडण्यात घालवलं. मी आत येऊन बसलो. बायकोने काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. वाईट बातमी आली की मला आधी राग येतो, आणि काशिनाथवरचा राग तर मी दहा वर्षं साठवून ठेवला होता.

मी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. खांदा कॉलनीत नवीन घर घेतलं तेव्हा हप्त्यांना हातभार म्हणून संध्याकाळी हॉलमध्ये इंग्रजी बोलण्याचा क्लास सुरू केला. पहिल्या तुकडीत सगळी कॉलेजची मुलं होती आणि त्यांच्यात एकटा काशिनाथ, पांढरा शर्ट, मोठ्या पंजांचे भेगाळलेले पाय, सतरंजीच्या अगदी कडेला बसलेला. कामोठ्याच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात त्याच्या घरची मिठागरं होती. ती नव्या शहरासाठी गेली. बदल्यात घरटी एका माणसाला नोकरी द्यायचं ठरलं होतं आणि त्यातली एक जागा द्रोणागिरीकडच्या एका गोदामात निघाली होती, आलेल्या मालाची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाची. अट दोनच, मॅट्रिक पास आणि कामापुरतं इंग्रजी बोलता येणं. मॅट्रिक तो तिसऱ्या खेपेला का होईना, झाला होता. वयाची मर्यादा मात्र तीस होती आणि काशिनाथला तीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. या जागेची मुलाखत हुकली की त्याच्या घरचा हक्कच संपणार होता.

पहिल्या आठवड्यात मी वर्तमानकाळ शिकवला, दुसऱ्या आठवड्यात भूतकाळ. काशिनाथ सगळं उतरवून घ्यायचा आणि काही म्हणजे काही बोलायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने माझी जाडी डिक्शनरी बघायला मागितली. सगळी मुलं गेली तरी हा मांडी घालून पानं उलटतोय. शेवटी एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "सर, या एका शब्दाला दीड पान लागलंय." शब्द होता जी-ई-टी, गेट. मी म्हटलं, हो, त्याचे अर्थ पुष्कळ आहेत. मिळणं, पोचणं, होणं, आणणं, समजणं, आजार लागणं, उतरणं, उठणं... तो ऐकत राहिला आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "एकच शब्द एवढी कामं करतोय सर, मंग बाकीचे कशाला पोसायचे आमी?"

मला हसू आलं आणि ते त्याला दिसलं. पण तो मागे हटणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंड उघडलं ते या एका शब्दावर. आय गेट अप. सॉल्ट गेट्स रेडी. सॉल्ट गेट्स वेट इन रेन. माय फादर गेटिंग ओल्ड. माय डॉटर गॉट फीव्हर. कुठे काही चुकायचं, कुठे काही गळायचं, पण कळायचं सगळं. क्लासमधली बीकॉमची मुलं अजून 'माय नेम इज' च्या पुढे सरकली नव्हती आणि हा मला मीठ कसं पिकतं ते इंग्रजीत सांगत होता. भरती कधी आत घ्यायची, तिसऱ्या चौकोनात पाणी कधी सोडायचं, सगळं. शिक्षकाने खरं म्हणजे अशा विद्यार्थ्याला मिठी मारायला हवी. मी वैतागलो. आमच्या पिढीच्या मास्तरांना शिकवलंच तसं होतं की गेट हा आळशाचा शब्द, निबंधात दिसला की खोडायचा. मी त्याला रोज टोकायचो. रोज तो "हो सर" म्हणायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच. एकदा तर मी खडू आपटून म्हणालो, "काशिनाथ, साहेबापुढे गेट वापरणं म्हणजे बनियनवर कचेरीत जाणं आहे." मुलं हसली. तोही हसला, पण त्याने खाली बघून शर्टाचं बटण लावलं, तेवढं मला आठवतं.

मुलाखतीला पंधरा दिवस उरले तेव्हा मी त्याच्यासाठी खास एक कागद तयार केला. गेटच्या जागी वापरायचे शब्द. मिळण्याला रिसीव्ह, मिळवण्याला ऑब्टेन, पोचण्याला अराइव्ह, होण्याला बिकम, आणण्याला फेच, समजण्याला अंडरस्टँड. एका बाजूला चौदा आणि मागच्या बाजूला नऊ. मला त्या कागदाचा भारी अभिमान वाटला होता. काशिनाथने तो घडी घालून खिशात ठेवला आणि रात्रंदिवस घोकला म्हणे. आज विचार केला की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. चालत्या माणसाला मी नवे बूट दिले होते आणि शर्यत दुसऱ्या दिवशी होती.

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो. गरज नव्हती, पण मलाच राहवेना. मी बाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, सावलीसाठी झाडही नव्हतं. दहा मिनिटांत तो बाहेर आला. चेहऱ्यावरूनच कळलं. मी विचारलं, काय विचारलं? तो म्हणाला, "साहेबांनी विचारलं, हाऊ डिड यू गेट हिअर." म्हणजे साहेबानेच गेट वापरला होता. मी म्हटलं, मग? इतकं सोपं? तू काय सांगितलंस? तो म्हणाला, "विसरलो सर." बस, एवढंच. मी परतीच्या एसटीत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. ज्याला एका शब्दाचे वीस उपयोग पाठ आहेत तो माणूस पनवेलहून बसने आलो एवढं सांगायला विसरतोच कसा, हे मला कळेना. ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली आणि थोड्याच महिन्यांत काशिनाथ तिशी ओलांडून गेला.

पुढे तो टँकर चालवायला लागला आणि नेमका आमच्याच सोसायटीला पाणी द्यायला यायचा. तळमजल्यावरच्या केरळी बाईंना मराठी येत नव्हतं, त्यांच्याशी तो बिनधास्त इंग्रजीत बोलायचा. "मॅडम, टुडे वॉटर गेटिंग लेट. टुमारो यू गेट फर्स्ट." बाई समजून मान डोलवायच्या, आणि वर गॅलरीत माझं रक्त उसळायचं. इथे बोलतोस, मग तिथे का दातखीळ बसली होती... असं दर आठवड्याला मनात यायचं. दोनदा तर मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. तो फक्त म्हणायचा, "जाऊ द्या ना सर. तुमी बरे हाव ना?"

बाराव्यानंतर काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी सुनंदा, जिला तेव्हा ताप यायचा ती, आता अठरा वर्षांची आहे आणि कॉलेजात शिकते. आई आतल्या खोलीत होती, चहा सुनंदानेच आणला. नको तेच माझ्या तोंडून गेलं. मी म्हटलं, त्या दिवशी तो विसरला नसता तर आज सावलीतली नोकरी असती, उन्हातान्हात टँकर चालवावा लागला नसता.

सुनंदाने कप खाली ठेवला. "बाबा विसरले नव्हते सर," ती म्हणाली. "त्यांनी घरी येऊन आईला सांगितलेलं. उत्तर तोंडात तयार होतं. आय गॉट द बस, आय गॉट डाऊन ॲट द नाका. पण त्यात तुमी नको सांगितलेला शब्द दोनदा येत होता. तुमच्या कागदावरचा दुसरा आठवेल म्हणून ते थांबले. तोवर साहेबांनी पुढच्याला बोलावलं."

"मग मला विसरलो असं का सांगितलं?"

"तुमी त्यांच्यासाठी उन्हात उभे होता ना. तुमाला कसं सांगणार होते ते?"

तिच्यासमोर रडायचं नव्हतं आणि ज्याच्यावर ओरडायचं तो हयात नव्हता. अरे बाबा, बोलून टाकायचं होतंस. मास्तर गेला खड्ड्यात. एवढा कसला मान ठेवायचा माझा? दहा वर्षं मी तुला विसराळू म्हणत फिरलो आणि तू पाइप धरून खाली उभा राहून माझी तब्येत विचारत होतास...

निघायला उठलो आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. रिक्षासाठी गावाबाहेर नाक्यापर्यंत चालावं लागतं. सुनंदाने माझ्याकडे एकवार बघितलं आणि चपला पायात सरकवत सहज म्हणाली, "सर, यू सिट. आय विल गेट यू अ रिक्षा."

माझ्या जिभेवर 'फेच' आलं होतं. ते तिथेच ठेवून मी गुमान खाली बसलो.