बरोबरी पुरे होती

दुखऱ्या पायाला चोळायच्या मलमाचा वास आला की मला माणिकपूरजवळचे ते मैदान आठवते. मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होतो. आमचा संघ वर्षानुवर्षे साखळी फेरीतच गारद व्हायचा आणि यंदाही बाद फेरी गाठली नाही तर संघ बंद, असे प्राचार्यांनी बजावले होते. साखळीतला शेवटचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. गुणांचा हिशेब आमच्या कधी उपयोगी पडला नव्हता, त्यामुळे तो कोणी ठेवतच नसे. सारे संपले असे समजून आम्ही बूट सोडू लागलो. आमचा कप्तान रडत होता. तेवढ्यात समोरच्या संघाचा कप्तान, नंदाखाल गावचा एक उंच मुलगा, आमच्याकडे आला. "काय रे, मयतीला बसल्यासारखे काय बसलात? बरोबरी पुरे होती तुम्हाला. तुम्ही आत, आम्ही बाहेर!" आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, "चेष्टा नको करू, बाबा." "सर, घरी जाणारा माणूस चेष्टा करेल काय? पुढच्या मॅचला ओरडायला येतो मी." तो खरोखरच आला आणि पूर्ण सामनाभर माझ्या गोलामागे उभा राहून ओरडला. आम्ही तो सामना हरलो, पण संघ टिकला. आयुष्यात भेटलेली चांगली माणसे आठवताना मी आजही सुरुवात त्याच्यापासून करतो.