जादा रकाना

७ जून २००६. पंचायतीच्या टेबलावर पूर आराखड्याचा कोरा तक्ता पसरून मी पट्टीने त्यात एक जादा रकाना आखत होते. छापील तक्त्यात कुटुंबप्रमुख, माणसे, नदीपासूनचे अंतर आणि हलवण्याचे ठिकाण एवढेच असते. माझ्या रकान्याला मी मथळा दिला, 'म्हशी कोण सोडणार'. हा प्रश्न माझा नव्हता, तात्या कांबळ्यांचा होता.

वेदगंगेकाठच्या या गावात मी ग्रामसेविका म्हणून आले तेव्हा तात्या पाटबंधारे खात्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी बंधाऱ्यावरची, पाण्याची उंची दाखवणारी पट्टी वाचली होती. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात रोज सकाळी ती वाचून यायचे आणि मग नदीकडच्या गल्लीत छत्रीच्या दांड्याने दारे ठोठावत फिरायचे. ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नव्हती. "गोठ्यात किती? दावं कोण सोडणार?" उत्तर वहीत लिहायचे आणि पुढचे दार. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते दूध संस्थेचे माणूस वाटले.

ही कसली नोंद, असे मी विचारले. म्हणाले, "पाणी किती येणार ते पट्टी सांगती, बाई. माणूस कशापायी बुडणार ते गोठ्यात कळतं."

तात्यांचे म्हणणे साधे होते. सुटलेली म्हैस पोहते, बांधलेली बुडते. म्हणून माणूस बोटीत बसतो खरा, पण दावणीची म्हैस आठवली की उतरून मागे जातो.

शाळेच्या भिंतीवर जुन्या मोठ्या पुराची चुन्याची रेघ होती. नवे घर बांधणारा त्या रेघेच्या वर जोते घ्यायचा आणि निर्धास्त व्हायचा. तात्यांचा त्या रेघेवर राग होता. "ती आलेल्या पाण्याची रेघ हाय, येणाऱ्या न्हाय," म्हणायचे. पूर्वी नदी दोन-तीन दिवस घेऊन चढायची, आता दिवसात चढते. महिनाभर पडायचा तो पाऊस चार दिवसांत ओततो. हे ते वह्या उघडून दाखवायचे. बघणारे आम्ही, वाचणारे कोणी नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात ग्रामसभेत ते उभे राहिले. पट्टीवर अमुक खुणेला पाणी लागले की म्हशी माळावर न्यायच्या, आणि एकट्या बाईच्या गोठ्याला आधीच एक माणूस नेमून ठेवायचा, एवढी त्यांची मागणी होती. सरपंच म्हणाले, "तुमच्या दारात म्हस न्हाय तात्या, तुम्हास्नी काय कळणार?" सभा हसली.

"म्हणून तर माझं ध्यान माणसावर हाय की," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

मी इतिवृत्तात 'सूचना नोंदवली' असे लिहिले. तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून तक्त्यात काही लिहिले नाही.

जुलैच्या अखेरीस पाणी त्या चुन्याच्या रेघेवर गेले. गल्लीतली माणसे बोटीत चढताना मी यादीवर खुणा केल्या. शेवटची खेप माळावरच्या हायस्कुलात उतरली आणि एकमेव बोट पुढच्या गावाला गेली. तात्या वर्गावर्गातून डोकी मोजत आले आणि माझ्या टेबलाशी थांबले.

"हौसा कुठं हाय?"

हौसाबाई म्हणजे तीन म्हशींची एकटी विधवा. मी यादीवरची तिची खूण दाखवली.

"खूण बोटीत बसत न्हाय, बाई."

बोट संध्याकाळपर्यंत येईल, थांबा, असे मी म्हटले. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली, भिजेल म्हणाले. छत्री टेबलाला टेकवली, स्वयंपाकाच्या जागेवरून विळा उचलला आणि निघाले. दोन गडी त्यांच्यामागे गेले, छातीइतके पाणी लागल्यावर परत आले.

दिवस कलायच्या आत हौसाबाई म्हशीचे शेपूट धरून माळाला लागली. मागोमाग उरलेल्या दोन आल्या. तिन्ही दावी तात्यांनी कापली होती. तिसरे कापताना गोठ्याची भिंत त्यांच्या अंगावर बसली.

ते तिसऱ्या दिवशी, पाण्याने वाहून नेलेले, उसाच्या फडात सापडले. ओळख पटवायला त्यांच्या मुलाबरोबर मीही गेले. पंचनाम्यात पुरात बुडून मृत्यू एवढेच आले. कशापायी, हे लिहायला तिथेही जागा नव्हती.

त्या ७ जूनला रकाना आखून झाला तेव्हा अंधारून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तक्ता आणि तात्यांची छत्री घेऊन गल्लीत गेले. पहिले दार हौसाबाईचे. दांड्याने ठोठावले. ती धार काढत होती, उठली नाही.

"गोठ्यात किती?"

"तीनच हाईत."

"दावं कोण सोडणार?"

चरवीत पडणाऱ्या धारा थांबल्या. "आता कोण हाय, बाई?"

मी रकान्यात माझे नाव लिहिले आणि पुढचे दार ठोठावले.