आईचा चोवीस तासांचा नमुना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आईच्या किडन्या अशक्त झाल्याचं कळायच्या थोडं आधी ती तळेघरच्या शेतात भाताची लावणी अर्धी टाकून बांधावर बसली होती. धाप लागायची, जेवण जाईना. घोडेगावला तपासणीला येणाऱ्या डॉक्टरबाई याच विषयात संशोधन करत होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस आहे. म्हणजे रक्तात आम्ल साठतंय. शरीरात रोज आम्ल तयार होतं, ते लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. ते साठलं की हाडं आणि स्नायू झिजतात."

उपाय साधा होता. बायकार्बोनेटच्या गोळ्या, म्हणजे आम्ल मारणारा क्षार. पण किडनी किती आम्ल बाहेर टाकते हे कळायला चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवून आणायची होती.

आईनं ती थेंबही न सांडता जमवली. रात्री उठून, कंदील लावून.

मी शाळामास्तर. एसटीत सगळे ओळखीचे. आई पुढे बायकांच्या सीटवर, मी मागे कॅन घेऊन. शेजारी गावातले दगडूमामा.

"काय मास्तर, ताक का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग द्या की राव घोटभर!"

मी कॅन सीटखाली सरकवला. घाटाच्या वळणावर तो कलंडला. झाकण सैल राहिलं होतं.

"मास्तर, ताक लई आंबलंय तुमचं!" मामा नाक धरून म्हणाले. बस हसली. मीही हसलो.

स्टँडवर उतरल्यावर आईला बाकावर बसवलं आणि जेवढं सांडलं तेवढं नळाचं पाणी घालून कॅन पुन्हा भरला.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाई कागद बघत राहिल्या. "क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, यांच्या अंगकाठीच्या मानानं फारच कमी आलाय. म्हणजे नमुना पुरा नाही, यावर औषध ठरवलं तर चुकेल. आजी, एखाद्या वेळची लघवी टाकून दिली का?"

आई ओशाळली. "टाकली आसंल बाई. म्हातारपणी ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी रिपोर्टची घडी घालून पिशवीत ठेवली.

नमुना पुन्हा द्यायचा ठरला. लघवी जमवायच्या दिवशी शेजारी बारसं होतं, आई गेली नाही. "परत चुकलं तर बाई काय म्हनतील?"

या वेळी कॅन मी मांडीवर धरला. मामांनी विचारलंच. "आईची लघवी आहे, तपासायला चाललोय," मी सांगितलं.

मामा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "आमच्या मंडळींचं बी पाय सुजत्यात. कुठं दावायचं मास्तर?"

आता मामीही तिथं जातात. आमच्या भागात अशा दुखण्याची लाज फार. तुमच्या घरी कधी असा कॅन आला, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. सांडलं तर तेही सांगा. पुन्हा जमवता येतं.

दुसरा नमुना नीट आला, गोळ्यांचं प्रमाण ठरलं. रक्तातलं आम्ल उतरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "किडनी पुढे झिजणारच नाही असं नाही, पण आपण तिचं ओझं कमी केलंय." यंदा आईनं नाचणी स्वतः खुडली.

नव्या पेशंटांना मात्र ती अजून सांगते, "पयल्यांदा म्याच चुकले व्हते, तुमी नीट जमवा."

ती चुकली नव्हती. हे तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.