गुडघ्यात सूर्य न आलेलं वर्ष

माझी थोरली बहीण सवसन लग्न होऊन तवक्कलशांच्या घरी गेली, त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करायचा परवाना मिळाला. तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. खरं सांगायचं तर दाजींनीच तशी वेळ येऊ दिली नाही.

आमच्या दरमोर गावात माणसं जव पेरतात, मेंढ्या राखतात, जर्दाळू वाळवतात. दाजीही हे सगळं करतात, पण हात राखून. त्यांचं खरं काम म्हणजे बसणं. गावाच्या वरच्या अंगाला एक सपाट दगड आहे. भल्या पहाटे त्याच्यावर जाऊन बसायचं आणि सूर्य डोंगराच्या कुठल्या दातातून वर येतो ते बघायचं.

"असं बसून राहायला नशीब लागतं, दाजी," मी म्हणायचो.

"नशीब नाही, बूड लागतं. तुझं कुठे टिकतंय एका जागी?"

आमच्या खोऱ्यात वर्ष माणसाच्या अंगावर मोजतात. हिवाळ्यात सूर्य कुत्र्यात असतो. मग तो माणसाच्या पायाच्या नखात शिरतो, घोट्यात येतो, नडगीवरून गुडघ्यात, असा चढत चढत ऐन उन्हाळ्यात डोक्यावर पोचतो आणि तिथून परत उतरायला लागतो. सूर्य गुडघ्यात आला की नांगर धरायचा. आला की नाही ते सांगणारा तो हिसाबदान. दाजींचे आजोबा हिसाबदान, वडील हिसाबदान, आणि आता दाजी. हिवाळ्यात सूर्य कुत्र्यातच का, असं मी एकदा विचारलं होतं. "तू आमच्याकडे जेवायला मुक्कामाला असतोस ते दिवस ना, म्हणून," असं उत्तर मिळालं. तेव्हापासून विचारत नाही.

पण दाजी अडाणी आहेत असं कुणी समजू नये. रशियन लोकांच्या काळात शाळेत पहिल्या बाकावर बसलेला माणूस. तरुण होते तेव्हा एकदा भर दुपारी ग्रहण लागलं. सगळं गाव अंगणात. दाजींनी एका हातात नान घेतली, दुसऱ्या हातात जर्दाळू. "हा सूर्य. हा चंद्र. चंद्र एवढासा, पण आपल्या जवळ. तो बरोबर मध्ये आला की सूर्य झाकला जातो. थोड्या वेळाने आपला आपण बाजूला होईल. घाबरायचं काही कारण नाही." सगळ्यांना पटलं. मग सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे कढया बडवायला घेतल्या, आणि सगळ्यांत जोरात दाजींनी. इतक्या जोरात की त्यांच्या आईची एकुलती एक बिडाची कढई तडकली.

"मेल्या, आपला आपण जातो म्हणालास ना तो चंद्र?" आई ओरडली.

"जातोच! पण तोवर हात बांधून कसं उभं राहायचं?"

असे आमचे दाजी. पृथ्वी स्वतःभोवती गिरकी घेते म्हणून दिवसरात्र होतात, ती कलती राहून सूर्याभोवती फिरते म्हणून उन्हाळा-हिवाळा होतो, हे त्यांना तोंडपाठ. आणि एवढं सांगून झालं की ते गंभीर चेहरा करून म्हणायचे, "सगळंच फिरतंय रे शोनजर. म्हणून कुणीतरी एकाने एका जागी बसायला हवं."

बसायची जागाही साधी नव्हे. सपाट दगडासमोर चार पावलांवर दाजींच्या आजोबांनी एक उभा दगड रोवला होता. त्याला भोक. दगडावर बसून भोकातून बघितलं की समोरच्या कड्यातली खिंड नेमकी त्यात दिसते. ज्या पहाटे सूर्य त्या खिंडीतून वर आला आणि भोकात मावला, त्या दिवशी तो गुडघ्यात आला. हिसाबदानाशिवाय त्या दगडावर कुणी बसायचं नाही असा दंडक आहे. मी लहानपणी एकदा बसलो होतो, तर आईने कान असा पिळला की अजून थंडीत दुखतो.

मग दाजींना मूळव्याध झाली.

गारठलेल्या दगडावर जन्मभर बसून दुसरं काय होणार? अक्काने दोन दिवस बडबड केली आणि तिसऱ्या दिवशी लोकर ठासून एक गादी शिवली. चांगली वीतभर जाड, वर लाल फुलांचं कापड. दाजी आधी नाही म्हणाले, मग बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी म्हटलं, "दाजी, आता सूर्य नाही आला तरी चालेल."

तो आला नाही.

वसंतातला नवरोज झाला. गव्हाची खीर खाऊन झाली, बैलांच्या पाठीवर पीठ भुरभुरून झालं, नांगरांचे फाळ घासून झाले. दाजी रोज पहाटे वर जायचे आणि मान हलवत खाली यायचे. "अजून नाही." आमचं गाव उंचावर. उन्हाळा इथे पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन निघतो. पेरणी लांबली तर जव पिकायच्या आत हिमकडाका पडतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. तरी हिसाबदानाने सांगितल्याशिवाय नांगराचं पहिलं तास कुणी ओढायचं नाही. माणसं फोनमधली तारीख बघायची, वर बघायची, आणि मला येऊन म्हणायची, "तुझ्या दाजींना विचार की."

शेवटी मी आणि शाळेतल्या निगोराबाई वर गेलो. बाई भूगोल शिकवतात.

"काका, सूर्य खिंडीच्या कधीच पुढे सरकला," बाई म्हणाल्या. "तो बघा, कुठून उगवतोय."

"ते मलाही दिसतंय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "पण भोकात आला नाही. आणि बाई, खिंडच दिसत नाही भोकातून. नुसता काळा कडा दिसतो. मला वाटतं पृथ्वी जास्त कलली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"काका, पृथ्वी कलली तर डोंगरही कलेल, दगडही कलेल, तुम्हीही कलाल. सगळं एकदमच कलणार ना?"

"दगड माझ्या आजोबांनी रोवलाय. तो नाही कलत."

आम्ही दोघं खाली उतरलो.

त्या संध्याकाळी बर्फमिश्रित पाऊस आला आणि वर राहिलेली गादी चिंब भिजली. अक्काने ती चुलीपाशी वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी दाजी कण्हत कण्हत तसेच उघड्या दगडावर बसले. मी चहाची किटली घेऊन वर पोचलो तेव्हा ते भोकाला डोळा लावल्यासारखे निश्चल बसले होते. भोकात खिंड होती. अगदी मधोमध, रिकामी. सूर्य तिच्या कितीतरी डावीकडे वर आला होता.

दाजी अर्धवट उठले. खिंड भोकाच्या वर गेली, भोकात कडा दिसायला लागला. परत बसले. खिंड आली.

"शोनजर," ते म्हणाले, "गादी."

मला हसू फुटलं. मी इतका हसलो की चहा सांडला. मग त्यांच्याकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली.

खाली सगळं गाव बैल घेऊन उभं होतं. दाजींना सूर्य आत्ताच आला म्हणता आलं असतं, कुणी पडताळायला गेलं नसतं. पण ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पृथ्वी जागच्या जागी आहे. मीच वर गेलो होतो."

"किती वर?" कुणीतरी विचारलं.

"गादीएवढा."

गाव हसून हसून लोळलं. आणि मग त्याच पावली सगळ्यांनी नांगर जुंपले, कारण हसायला वेळ होता, पेरायला नव्हता. हिसाबदानाचं शेत सगळ्यांत शेवटी नांगरायचं अशी रीत आहे, आणि दाजींचं शेत सगळ्यांत वरचं.

खालची शेतं कशीबशी पिकली. वरच्या शेतांतले जव हिरवे असतानाच हिमकडाका पडला. दाजींनी आपलं पीक कापून मेंढ्यांना घातलं. कुणी त्यांना दोष दिला नाही, नुसती चेष्टा केली. कुणाचं बाळ रडलं तरी "गादी काढा रे त्याच्याखालची!" असं लोक म्हणायचे. दाजी हसायचे. पण मी त्यांना ओळखतो. त्या हिवाळ्यात ते घरातून हलले नाहीत. अक्का म्हणाली, "जेवतात, बोलतात, पण खिडकीकडे पाठ करून बसतात."

एके दिवशी मीठ घातलेला दुधाचा चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं, "यंदापासून फोन बघा. तो गादीवर बसत नाही."

मला काही चेष्टा सुचेना. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच. फार वाईट वाटलं मला. घरी गेलो, तर बायको म्हणाली, "फोन कसला बघता? फोनशी भांडता येतं का? तवक्कलशांशी निदान भांडता तरी येतं."

मी तेच गावात चारचौघांना बोलून दाखवलं. प्रत्येकाच्या मनात तेच होतं. प्रश्न एकच, गादीशिवाय दाजी बसू शकत नव्हते, आणि गादीवर बसले तर खिंड दिसत नव्हती. निगोराबाई म्हणाल्या, "मग भोकच वर घेऊ."

सूर्य अजून कुत्र्यातच होता. आम्ही पहारी घेऊन वर गेलो. आजोबांचा दगड जमिनीत इतका खोल गेला होता की दुपार झाली तो हलायला. खाली चपटा धोंडा सरकवायचा असं ठरलं.

"वीतभर जाडीचा बघा," मी म्हटलं, "गादी वीतभर आहे."

"अक्कल आहे का?" अक्का मागून ओरडली. ती काखेत गादी घेऊनच आली होती. "माणूस बसला की ती दबते! त्यांना बसवून मापा."

दाजींना आणायला मीच गेलो. नाही नाही म्हणत होते. जोडे त्यांच्या पायात मीच घातले. वर आल्यावर त्यांनी उखडलेला दगड बघितला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या आजोबांचा..." एवढंच म्हणाले. अक्काने सपाट दगडावर लाल फुलांची गादी ठेवली, हाताने थोपटली.

दाजी बराच वेळ उभे राहिले. मग बसले. चार जण दगड उचलून धरून उभे, कपाळावर घाम. दाजींनी भोकातून बघितलं. डोळे पुसले, परत बघितलं.

"काय दाजी," मी म्हटलं, "खाली ठेवायचा का?"

"थांबा जरा," दाजी म्हणाले. "थोडा डावीकडे घ्या."