बुडबुडे थांबेपर्यंत

साळवेकाका गेल्याचा मेसेज त्यांच्या मुलीने, सुजाताने पाठवला तेव्हा मी हिंदमाताच्या एका दुकानात बायकोबरोबर साड्या बघत बसलो होतो. 'पप्पा सकाळी गेले. झोपेतच.' फोन खिशात ठेवला आणि समोर होती ती निळी साडी घेऊन टाकली. बायकोला वाटलं, यांना चक्क काहीतरी पसंत पडलं... त्याला दीड महिना झाला. लिहायचं टाळत होतो, कारण काकांविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी.

रे रोडच्या एका डेपोत काका पंप चालवायचे. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल ओढून टँकरमध्ये भरणारा, इंजिनावर चालणारा सेंट्रिफ्यूगल पंप. मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा माझा डिप्लोमा कोरा करकरीत होता आणि आवाज गरजेपेक्षा चढा. काका वरळीच्या बीडीडी चाळीतून यायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "साहेब, ह्याच्या पोटात हवा असली ना, तर हा नुसता गरगरतो. ओढत काय नाय. आधी ह्याला पाजायचं, मग ह्याच्याकडं मागायचं."

पाजायची त्यांची रीत ठरलेली. टँकरकडचा व्हॉल्व्ह बंद, टाकीकडचा उघडा. मग पंपाच्या डोक्यावरचा हवेचा कॉक उघडून, चोचीच्या पितळी भांड्याने शेजारच्या नरसाळ्यातून डिझेल ओतत राहायचं. कॉकमधून आधी फसफस, मग बुडबुडे, मग एकसंध धार. धार आली की कॉक बंद आणि इंजिन सुरू, तेही हळू वेगात. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा स्थिरावला की टँकरकडचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. फार वेळ बंद ठेवला तर आतलं डिझेल तापतं. मला मात्र बुडबुड्यांपाशीच घाई व्हायची. काका मान वर न करता म्हणायचे, "थांबा. अजून हवा निघतेय."

एकदा ते डबा खायला गेले असताना तीन टँकर रांगेत होते आणि ड्रायव्हर माझ्या नावाने ओरडत होते. मी भांडं उचललं, चार बुडबुडे पाहिले, पुरे म्हटलं आणि इंजिन सुरू केलं. काटा शून्यावरच. मी शहाण्यासारखा वेग वाढवला. कोरडा फिरून पंपाचं सील जळालं आणि तापलेल्या इंजिनाशेजारी डिझेल ठिबकू लागलं. काका उष्ट्या हातानेच धावत आले, इंजिन बंद केलं, वाळू टाकली. थोडक्यात वाचलो. मॅनेजरने विचारलं, "कोणी चालू केला?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी गप्प राहिलो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंपावर ड्यूटी माझी, साहेब."

त्यांना गेटवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत सात वर्षं त्यांनी गाड्यांचे नंबर लिहिले. पंपाला पुन्हा हात लावला नाही. त्या सात वर्षांत कुठल्याही दिवशी मला बोलता आलं असतं. मी भ्यालो, एवढंच खरं. पुढे वर्षातून दोनदा त्यांच्या घरी जायचो. चहा झाला की ते माझ्याकडे बघत गप्प बसायचे. मला वाटायचं, वय झालं. मी इकडचंतिकडचं बोलून उठायचो.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमानंतर, माणसं पांगल्यावर, मी सुजाताला सगळं सांगितलं.

"माहितीय, दादा. पप्पांनी तेव्हाच घरी सांगितलेलं. मी जाम चिडायचे. म्हणायचे, तो येतो तेव्हा तोंडावर विचारा ना त्याला! तर पप्पा म्हणायचे, थांब गं. अजून हवा निघतेय."

मग तिने आतून ते पितळी भांडं आणून दिलं. डेपोत नवा पंप आल्यावर जुनं सामान भंगारात निघालं, तेव्हा काकांनी ते मागून घेतलं होतं.

आता ते माझ्या खिडकीत असतं. डिझेलचा वास अजून गेलेला नाही. बायको घासायला घेते, मी घेऊ देत नाही. हे लिहितोय तेही त्याच्यासमोर बसून.

मी चालू केला होता, काका. मी.