कार्डावरची बाटली
रमचा वास आला की सोलापुरातले ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आठवतात. आठवीत शाळा सोडून, घरापासून लांब आलेल्या मला वॉचमनची नोकरी त्यांनीच लावली. दारू सुटावी म्हणून ते तीन महिने दवाखान्यात राहून आले होते, हे मला ठाऊक होतं. तरी नोकरी जाईल या भीतीनं, सुपरवायझरला खूश करायला मी म्हणालो, "काका, तुमच्या कार्डावर मिलिटरी कँटीनातनं एक बाटली आणा की." त्यांना नाही म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते गेटवर आले, सोबत काकू. "घे लवकर, लई वेळ हातात धरवत न्हाय," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "कँटीनपासनं ह्यांचा दुसरा हात म्या सोडला न्हाय, बाबा." मी बाटली घेतली आणि वर हसून 'थँक्यू काका' म्हणालो. त्या थँक्यूची लाज अजून जात नाही.