समासातला सोळावा प्रश्न

मी जिथे काम करतो तिथे दरवर्षी पाच-सात नवी पोरं-पोरी येतात. संशोधकांचे लेख छापून येण्याआधी तपासायचे, हे आमचं काम. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात जाडजूड मॅन्युअल ठेवतो आणि सांगतो, हे घरी वाचा, इथे चहा घ्या आणि किस्से ऐका. किस्से सगळे लोहाऱ्याचे. सहा माणसं सहा महिने एका खोलीत बसली की किस्से आपोआप साचतात, कोणी मुद्दाम साठवत नाही. एक सांगायला घेतला की मागचे पाच दारात येऊन उभे राहतात.

*

लोहारा म्हणजे यवतमाळची एमआयडीसी. तिथल्या एका शेडच्या माडीवर पुण्याच्या कंपनीने सहा कॉम्प्युटर मांडले आणि आम्हा सहा जणांना ट्रेनिंगला घेतलं. कापसाने जिल्ह्याला रडवलं होतं ती वर्षं. बीएस्सी, एमए झालेली पोरं शेतावर परत जायला तयार नव्हती आणि शेतही त्यांना बोलवत नव्हतं. एसटी स्टँडजवळच्या मेकॅनिकचा मुलगा मी, सलीम. तांड्यावरून रोज सायकलने येणारा प्रकाश राठोड. आणि पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली वैशाली गावंडे. बाकी तिघं होती, पण किस्से बहुतेक आम्हा तिघांचेच.

शिकवायला पुण्याहून देवधर सर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांनी एक टेस्ट फाईल येईल. ती नीट झाली तर हे ऑफिस राहील, तुम्ही पर्मनंट. नाही झाली तर कॉम्प्युटर पुण्याला परत. यवतमाळला हे काम जमेल की नाही, याबद्दल हेड ऑफिसला शंका आहे."

प्रकाशने हात वर केला. "आमाले बी हेड ऑफिसबद्दल हाये, सर."

सरांनी हजेरीत त्याच्या नावापुढे काहीतरी खूण केली. ती कसली, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

*

या धंद्याचा पहिला नियम असा, की लेखकाच्या मजकुराला परस्पर हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा. त्याला क्वेरी म्हणतात. क्वेरी छोटी हवी, नम्र हवी आणि शेवटी आपली आद्याक्षरं हवीत. सर म्हणायचे, "आकडे जुळत नसतील तर विचारा. संदर्भ नसेल तर विचारा. विषयात शिरू नका. विषय त्यांचा, समास आपला."

प्रकाशला पहिलाच लेख मिळाला बकऱ्यांच्या चाऱ्यावरचा. मोठे मोठे तक्ते, चार प्राध्यापकांची नावं. दोन तज्ज्ञांनी आधीच वाचून पास केलेला. प्रकाशने क्वेरी टाकली, "तक्ता एकमध्ये बारा बकऱ्या आहेत, तक्ता चारमध्ये अकरा. एक बकरी कुठे गेली, कृपया कळवावे."

सर वैतागले. "राठोड, दोन तज्ज्ञांनी वाचलंय हे."

"वाचलं असन, सर. मोजल्या नसतील. आमच्या तांड्यावर बकऱ्या मोजल्याबिगर दिवस मावळत नाही."

आठवड्याने लेखकाचं उत्तर आलं. दुसऱ्या आठवड्यात एक बकरी कुंपणावरून उडी मारून पळून गेली होती, ते लिहायचं राहिलं होतं, क्षमस्व. लेखाला तशी तळटीप जोडली. त्या दिवसापासून आमच्यात कोणी जेवायला उशिरा आला की सगळे एका सुरात विचारायचे, बारावी कुठे आहे?

*

आमचं काम घरी समजावणं हे एक वेगळंच काम होतं. लोहाऱ्याच्या बसमधला कंडक्टर रोजचा ओळखीचा झाला होता. एकदा त्याने वैशालीला विचारलं, "मॅडम, तुमी करता काय तिथं?"

"परदेशातले प्रोफेसर लेख लिवतात, ते आमी तपासतो."

"मंग मार्क देता का त्यायले?"

"नाही. प्रश्न इचारतो."

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. "हे बेस हाये. आतापरेंत तेच येऊन आमाले इचारत होते."

खोटं नव्हतं ते. त्या काळात जिल्ह्यात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली होती. समित्या यायच्या, चॅनेलच्या गाड्या यायच्या, प्रश्नावल्या घेऊन विद्यार्थी यायचे. गावात पांढरी जीप शिरली की बाया चुलीवर चहाचं आधण चढवायच्या आणि पुरुष उत्तरं जुळवायला घ्यायचे.

*

माझा किस्सा माझ्या फजितीचा आहे. मला डिझेल इंजिनावरचा लेख मिळाला. त्यातली एक आकृती मला खटकत होती, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येईना. मी तिची प्रिंट खिशात घालून घरी नेली. अब्बांनी हाताचं ग्रीस पुसलं, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "वॉल्व्ह उलटा बिठाया है. ये इंजन चलेगा नहीं, खाँसेगा."

मी जोरात क्वेरी टाकली. सरांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी खरं सांगून बसलो.

सर लाल झाले. "छापण्याआधीचा कागद ऑफिसच्या बाहेर? सलीम, हा गुन्हा आहे. आणि वडिलांनी सांगितलं म्हणजे काय? त्यांची डॉक्टरेट आहे का?"

"नाही सर. दुकान आहे."

मला मेमो मिळाला, माझी क्वेरी खोडली गेली. कागद बाहेर नेला ही चूक माझीच, ती मी तेव्हाही मानली आणि नव्या पोरांना आजही बजावतो. पण वॉल्व्ह उलटाच होता! लेख छापून आल्यावर मी त्याची रीतसर प्रत काढली. अब्बांनी ती आकृती दुकानात भिंतीवर चिकटवली. गाडी दुरुस्तीला घेऊन कोणी फार शहाणपणा शिकवायला लागला, की अब्बा हातातल्या पान्याने भिंतीवरची ती आकृती दाखवायचे.

*

परवानगी हा सरांचा जीव की प्राण. लेखात कोणाचा फोटो असो, नकाशा असो, कोणी तोंडी सांगितलेली माहिती असो, सर म्हणायचे, "लेखी परवानगी. नाव, गाव, सही. नसेल तर पान पुढे जाणार नाही. देवाने सांगितलं असेल तर देवाची सही आणा."

चौथ्या महिन्यात हेड ऑफिसला पाठवायला सरांनी आमचा ग्रुप फोटो काढला. सहा जण जिन्यावर उभे राहिलो, वैशालीने नवी ओढणी घेतली होती. फोटो निघाला आणि प्रकाश सरांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"सर, परवानगीचे फॉर्म?"

"कसले?"

"आमी सहा जन हाओ ना फोटोत."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच हसले, मोठ्याने हसले, आणि खरंच सहा फॉर्म काढून प्रत्येकाची सही घेतली. वैशालीने सहीखाली एक ओळ जास्तीची लिहिली, "पाठवण्याआधी मला दाखवावा." सरांनी दाखवला. मला वाटतं, त्या दिवसापासून हा माणूस आमचा व्हायला लागला, फक्त ते त्याला अजून कळलं नव्हतं.

*

आणि मग टेस्ट फाईल आली.

हेड ऑफिसची अट साधी होती. फाईल बंद होईपर्यंत जास्तीत जास्त पंधरा क्वेरी. सोळावी टाकली की नापास. जास्त प्रश्न म्हणजे तपासणाऱ्याला काम येत नाही, असा त्यांचा हिशेब. वेळ शुक्रवारी चारपर्यंत.

लेख होता आमच्याच जिल्ह्यावर. परदेशातल्या एका प्राध्यापकाने इथल्या कापसाच्या संकटावर लिहिलेला. चौदा क्वेरी सरळ होत्या, गहाळ संदर्भ आणि न जुळणारी सालं. मग एक फोटो आला. कापसाच्या झाडावर एक बाई दही-भात शिंपडते आहे. खाली ओळ होती, "कीड आटोक्यात येत नसल्याने हताश झालेली शेतकरी महिला झाडावर दही टाकून पाहत आहे." त्यावरून पुढे दोन पानं, की या भागातल्या लोकांची अक्कल संकटाने कशी गेली आहे. शब्द सभ्य होते. अर्थ तोच होता. मला वाचताना राग आला, आजही येतो.

वैशाली स्क्रीनला नाक लावून बघत होती. "सर, हे सीतादही हाये."

सरांना ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, "पयल्या वेचणीच्या आधी करतात. पाच दगड मांडाचे, हळदकुंकू लावाचं, दही-भात द्याचा, मंग बोंडाले हात लावाचा. हे पाहा, बोंडं फुटून कापूस बाहेर आला हाये. कीड माराची येळ कवाच गेली. ही बाई हताश नाही सर, ही खुशीत हाये."

"असेल. पण हा विषयात शिरण्याचा प्रकार आहे. लेखक तज्ज्ञ आहेत, आणि टेस्टमध्ये हेड ऑफिसला हे आवडणार नाही. काढा ती क्वेरी."

"मी नाही काढत, सर."

"गावंडे, सहा जणांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मले माहीत हाये. माह्या घरी दरवर्षी मी तो दही-भात कालवते. हे माहीत असून मी गप राह्यली तर मंग मी इथं कायले बसून राह्यली? स्वल्पविराम द्याले?"

सर म्हणाले, "ठीक आहे. जबाबदारी जिची आद्याक्षरं, तिची." तिने आपली अक्षरं टाकली. प्रकाशने तिची खुर्ची जरा सरकवली आणि आपली टाकली. मग मी. मग उरलेल्या तिघांनी. पंधराव्या क्वेरीखाली सहा जणांची आद्याक्षरं होती. मॅन्युअलमध्ये त्याला मनाई नव्हती, कारण असं कोणी करेल हे मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

लेखकाचं उत्तर गुरुवारी आलं. माणूस प्रामाणिक निघाला. लिहिलं होतं, आपण म्हणता ते खरं असेल तर ती दोन्ही पानं मी काढतो आणि योग्य परिच्छेद घालतो, पण त्याला आधार काय? कोणाच्या नावावर देऊ?

सरांनी वैशालीकडे पाहिलं. "संदर्भ?"

"माही आई."

"छापील काही नाही?"

"आई हाये ना."

तोंडी माहिती म्हटल्यावर लेखी परवानगी आलीच. शुक्रवारी सकाळच्या एसटीने वैशालीची आई पांढरकवड्याहून आली. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. सरांनी उठून खुर्ची दिली. फॉर्म पुढे ठेवला, शाईचं पॅड उघडलं.

त्या म्हणाल्या, "आंधी वाचून दाखवा. मंग अंगठा."

लेखकाला सुचवायचा नवा परिच्छेद सरांनी एकेक वाक्य मराठी करून वाचला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच हात वर केला. "थांबा. आमच्यात आंधी जमिनीले देतात, मंग झाडाले. तुमी उलटं लिवलं."

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि क्रम बदलला. साडेतीन वाजले होते. तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला. सर म्हणाले, "हो, पंधराच आहेत. हो, चारला पाठवतो." त्यांनी फोन ठेवला, आमच्याकडे बघून मान हलवली, आणि आम्हा सहा जणांचा जीव सहा महिन्यांनी भांड्यात पडला.

आईंनी अंगठा शाईवर टेकवला. मग त्यांना स्क्रीनवरचा फोटो दिसला. अंगठा तसाच हवेत धरून त्या पुढे वाकल्या.

"ही कोन हाये?"

सर म्हणाले, "माहीत नाही, ताई. लेखात नाव नाही. फोटो काढणाऱ्याची परवानगी आहे, हा बघा कागद."

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. फोटोकडेच बघत होत्या. "त्याचा हाये. हिचा अंगठा कुठाय?"

सरांनी तो कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. फॉर्मच्या फाईलमधून आमच्या ग्रुप फोटोचे सहा कागद खाली सरकले, ते त्यांनी उचलून नीट लावले. घड्याळात चारला दहा कमी होते. फोन परत वाजायला लागला.

"वाजू द्या," सर म्हणाले. "वैशाली, क्वेरी नंबर सोळा. लिहा. आद्याक्षरं माझी."